परसातील कोंबड्या आणि मानमोडी

देवगाव रंगारीच्या परिसरात परसात ८-१० गावरान कोंबड्या बाळगणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांतील एखादी चोच वासून घरघरू लागली, हिरवट हगू लागली व तिची मान वाकडी झाली, की घरधनीण उरलेली पाखरे घाईने बाजारात नेते. चार पैसे हाती येतात, आणि गरिबाघरी ते थोडे नव्हेत. परंतु धडधाकट दिसणारे पाखरूही रोग घेऊनच परगावी जाते.

या मानमोडीस राणीखेत म्हणतात. रोग विषाणूंचा असल्याने त्यावर औषध नाही. उपाय लसीचाच: पहिल्या आठवड्यात पिलाच्या डोळ्यात वा नाकात लासोटाचा थेंब व आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस टोचणे.

मग लस का दिली जात नाही? दोष केवळ आळसाचा नव्हे. एका कुपीत १०० वा अधिक पाखरांची लस असते. ती बर्फात ठेवावी लागते व कालविल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या धनिणीने ती आणावी कशी? तेव्हा ग्रामसेवकाने पशुवैद्यकीय दवाखान्याशी ठरवून, रोग येण्यापूर्वीच, सबंध आळीची निरोगी पाखरे एकाच सकाळी खुराडी उघडण्याआधी टोचून घ्यावीत.

पाखरे एकाएकी पुष्कळ मरू लागल्यास मात्र मानमोडीच असे गृहीत धरू नये. २००६ साली नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला होता, आणि त्याची लक्षणे वरवर अशीच दिसतात. अशा वेळी मेलेल्या पाखरांस उघड्या हातांनी शिवू नये. दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे.