गोणपाट, ट्रे आणि टाळ्या

अग्निशमन सेवा सप्ताह दरवर्षी 14 ते 20 एप्रिलला पाळला जातो. ही तारीख कुणी सोय पाहून ठरवलेली नाही. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटके एकाच जहाजाच्या पोटात होती. ती आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जण स्फोटांत मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणासाठी हा आठवडा आहे आणि त्याच आठवड्यात जनतेला शहाणे करायचे असा रिवाज आहे. अडचण एवढीच की एप्रिलचा मधला आठवडा शाळांच्या वार्षिक परीक्षांचा. 14 तारखेला तर आंबेडकर जयंतीची सुट्टी असते. आगीत जिवंत राहण्याचे धडे ज्यांच्या डोक्यात सगळ्यात घट्ट बसतात, ती मुले त्या वेळी भूगोलाचा पेपर सोडवत असतात.

मग विद्यार्थी म्हणून उरतो आपण मोठी माणसे. सोसायटीच्या आवारात पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल ओतून आग पेटवली जाते. अग्निशमन दलाचा जवान हातात अग्निशामक सिलिंडर घेऊन समजावून सांगतो : पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावीउजवीकडे फिरवा. सेक्रेटरी पुढे होऊन आग विझवतात, फोटो निघतो. मग पेटत्या गॅस सिलिंडरवर ओले गोणपाट टाकून ज्वाळा गप्प करायचा प्रयोग होतो आणि त्याला टाळ्या पडतात. प्रात्यक्षिक उत्तमच असते, जवान मनापासून शिकवतात. पण पाहणाऱ्याच्या मनात ठसते ते असे की आग मोकळ्या आवारात, भर दिवसा, वारा बेताचा असताना लागते आणि ती लागण्यापूर्वी कुणीतरी माइकवरून सूचना देतो. नेहमीचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो, ही गोष्ट पेढे वाटण्याच्या गडबडीत राहून जाते.

खरी आग बंद जागेत लागते. तिथे माणूस भाजण्याआधी धुराने गुदमरतो आणि धूर ट्रेमध्ये दाखवता येत नाही. डिसेंबर 2017 मध्ये लोअर परळच्या कमला मिल आवारातल्या रेस्तराँच्या आगीत 14 जण गेले. त्यांतल्या अनेकांचे मृतदेह स्वच्छतागृहात सापडले. पाणी आहे, दार लावून घेता येते, म्हणून माणसे तिकडे धावली असणार. तिथून बाहेर पडायला वाट नव्हती. पिन कशी ओढायची हे त्यांना ठाऊक असते तरी काय उपयोग झाला असता? ठाऊक हवे होते ते इतकेच, की आल्या आल्या बाहेर जायचा दुसरा दरवाजा कुठे आहे तो पाहून ठेवायचा, आणि तो दरवाजा खरोखर उघडतो का हेही. आपल्याकडे हॉटेलात शिरताना माणूस पार्किंग पाहतो, वायफायचा पासवर्ड विचारतो. दुसरा दरवाजा विचारला तर वेटरला वाटते, बिल बुडवायचा बेत आहे.

शिकवणे वाया जाते असा मात्र याचा अर्थ नाही. 22 ऑगस्ट 2018 रोजी परळमध्ये हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये आग लागली, चौघांचा मृत्यू झाला. वरच्या मजल्यावरच्या दहा वर्षांच्या एका मुलीने घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सुती कापडाचे तुकडे ओले करून नाकातोंडावर धरायला लावले आणि मदत येईपर्यंत सगळ्यांना धीर दिला. हे ती शाळेत, तिसरीत असताना शिकली होती. ओले फडके काजळी अडवते, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, त्यामुळे त्यावर विसंबून धुरात शिरणे वेडेपणाच. पण वाट पाहणाऱ्यांना त्याने वेळ मिळवून दिला. त्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हते आणि तिची आग विझवण्याची यंत्रणा चालत नव्हती. म्हणजे बिल्डर, रहिवासी आणि महापालिका या सगळ्या प्रौढांच्या कारभारापेक्षा तिसरीचा एक धडा जास्त चालला. मुलीला पुढे शौर्य पुरस्कार मिळाला. तो धडा शिकवणाऱ्या बाईंना काय मिळाले, हे कुणी विचारले नाही.

प्रौढांसाठी कायदा आहे. आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा महाराष्ट्राचा कायदा 2006 चा, अंमल डिसेंबर 2008 पासून. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे ‘फॉर्म बी’, घ्यायचा. कागद नेमका येतोही. तो आल्यावर होज रीलच्या पेटीचे कुलूप कुणी उघडून पाहत नाही, कारण किल्ली मागच्या सेक्रेटरीकडे आहे आणि ते पुण्याला राहायला गेले आहेत. आगीच्या वेळी आसऱ्यासाठी राखलेल्या रेफ्यूज एरियात कुणाची जुनी सायकल, कुणाचा पाळणा, गणपतीचे मखर. खिडक्यांना बाहेर काढलेल्या ग्रिल आहेत. चोर आत येऊ नये म्हणून बसवलेल्या त्या जाळीतून बंबवाल्यांनाही आत येता येत नाही आणि घरच्यांना बाहेर जाता येत नाही.

रुग्णालयांचा अभ्यासक्रम निराळा आहे. 2021 च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 10 नवजात बाळे गेली. एप्रिलमध्ये विरारच्या एका रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला आणि नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा. प्रत्येक वेळी फायर ऑडिटची भाषा झाली. एकाच वर्षात हाच धडा पुन:पुन्हा गिरवावा लागतो, तेव्हा विद्यार्थी मंद आहे असे मानावे की परीक्षाच कुणी घेत नाही असे? (कारण मात्र पहिल्याच दिवशी सापडलेले असते, शॉर्ट सर्किट. ते वायरिंग कुणी, कधी आणि किती लोडसाठी केले, हा प्रश्न चौकशी समितीकडे जातो आणि तिथेच मुक्कामाला राहतो.)

सोसायटीच्या आवाराकडे परत येऊ. प्रात्यक्षिक बहुधा रविवारी सकाळी, फ्लॅटमालकांसाठी असते. पण आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी सकाळी अकरा वाजता इमारतीत कोण असते? शेगडीपाशी स्वयंपाकाच्या बाई, पाळण्यापाशी सांभाळणाऱ्या ताई, टीव्हीसमोर आजी आणि खाली वॉचमन. कढईतले तेल पेटले तर त्यावर पाणी ओतायचे नाही, गॅस बंद करून झाकण टाकायचे. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, पंखाही लावायचा नाही, रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. मग बाहेर जाऊन 1906 ला फोन करायचा. या सगळ्याची गरज पहिल्यांदा ज्यांना पडणार त्या बाई रविवारी दुसऱ्या कामावर असतात. वॉचमन हजर असतो, पण ट्रे उचलायला. अग्निशामक सिलिंडरवरच्या सूचना इंग्रजीत असतात आणि तो बिहारमधल्या ज्या शाळेत शिकला तिथे तेवढे इंग्रजी येण्याच्या इयत्तेपर्यंत तो पोचलाच नव्हता.

तेव्हा पुढचे प्रात्यक्षिक मंगळवारी सकाळी अकराला ठेवावे आणि आवारात नव्हे, जिन्यात. दिवे बंद करून सगळ्यांना भिंतीच्या आधाराने, वाकून खाली उतरवावे. लिफ्टजवळ कोण थांबते ते पाहावे. कामावरच्या बायकांना अर्ध्या तासाची मोकळीक द्यावी. त्या अर्ध्या तासाचे पैसे कापायचे की नाही, आणि कापायचे नसतील तर ते कुणी सोसायचे, यावर कमिटीच्या सभेत मतभेद होतील आणि विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे न्यायचे ठरेल. न्यावा, पण प्रात्यक्षिक त्याआधी उरकून घ्यावे.