भिंत घरधन्याची, दर्शन गल्लीचे

भिंत बांधतो घरधनी. पण तिची बाहेरची बाजू दिवसभर पाहते ती गल्ली. म्हणूनच घरावरील चित्र ही केवळ खासगी हौस राहत नाही.

सातारा जिल्ह्यातील भिलारने याचा वस्तुपाठ घालून दिला आहे. मे २०१७ मध्ये ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. ग्रामस्थांनी वाचकांसाठी घरांची दारे उघडली आणि चित्रकारांनी त्या घरांच्या भिंती पुस्तकांच्या विषयाला साजेशा रंगवल्या. चित्र तेथे घराची ओळख झाले.

ही दृष्टी आपल्याला नवी नाही. वारली लग्नघरी सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्याविना विवाह पूर्ण होत नाही. याच परंपरेतील जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

आज मात्र रस्त्यालगतची भिंत सिमेंटच्या जाहिरातीला सहज दिली जाते. अहिल्यानगरलगतच्या भिंगारमधील एखाद्या कुटुंबाने तीच भिंत गावातल्या होतकरू चित्रकाराच्या हाती का देऊ नये?

दोन पथ्ये मात्र पाळावीत. घरधन्याच्या संमतीवाचून एक रेघही ओढू नये. आणि ओल काढून, भेगा बुजवूनच रंग लावावा. पावसाळ्यानंतर डागडुजी करावी. महापुरुषाचे चित्र हौसेने काढायचे आणि पुढे त्याचे पोपडे निघताना पाहत राहायचे, हा आदर नव्हे, विटंबना आहे. जतन करण्याची तयारी नसेल, तर स्वच्छ चुन्याची भिंतच अधिक शोभून दिसते.