पाळतीचा खर्च कोणाच्या माथी?

मद्रास उच्च न्यायालयाने २ जुलै २०२५ रोजी केंद्रीय गृहखात्याचा २०११ सालचा टेलिफोन-टेहळणीचा एक आदेश रद्द केला. प्रकरण चेन्नईतील एका उद्योजकाचे, लाचेच्या आरोपाचे; कामगार चळवळीला जिव्हाळा वाटावा असे त्यात काही नाही. परंतु सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता यांखेरीज कोणाचे संभाषण चोरून ऐकता येत नाही, हा १८८५ च्या तार कायद्यातील दंडक न्यायालयाने सरकारला सुनावला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही तो कायम आहे.

प्रश्न खर्चाचाही आहे. परवान्यातील अटींनुसार टेहळणीची यंत्रसामग्री कंपनीने स्वखर्चाने बसवायची, तेथून सरकारी केंद्रापर्यंतच्या भाड्याच्या जोडणीचा खर्च सरकारने सोसायचा. पहिला खर्च ग्राहकाच्या बिलातून वसूल होणार, दुसरा करांतून; म्हणजे ज्याच्यावर पाळत, त्याच्याकडूनच तिची वर्गणी! अमेरिकेत तर बिले थकली म्हणून कंपन्यांनी एफबीआयच्या टेहळणीच्या जोडण्याच तोडल्या, असे तेथील न्यायखात्याच्या महानिरीक्षकांनी २००८ साली नमूद केले. नागरिकांच्या हक्कांखातर नव्हे, थकबाकीखातर!

टेहळणीचे किती आदेश निघाले आणि त्यांवर किती पैसा गेला, याचा तपशील सरकारने दरवर्षी संसदेपुढे ठेवावा, ही मागणी कामगार संघटनांनीही उचलून धरली पाहिजे. संपाची जुळवाजुळव आज टेलिफोनवरूनच होते.