ठेकेदार नगरसेवक

"पूर्वी राजकारणात वकील-डॉक्टर असायचे. आता ठेकेदार अन् आरामशीनवाले घुसले." आमच्या इतवारीत कुठल्याही पानठेल्यावर निवडणुकीचा विषय निघू द्या, पाच मिनिटांत हे वाक्य ऐकू येतंच. लकडगंज हाकेच्या अंतरावर असल्यामुळे लाकूडवाल्यांवर जरा जास्तच राग!

मला या वाक्याचा आता वैताग आलाय. एक तर ते खोटं आहे, आणि दुसरं म्हणजे त्यामुळे खरा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

महाराष्ट्रातल्या एका ठेकेदार नगरसेवकाचं नाव सांगतो : जोतीराव फुले. दचकलात ना? पण खरं आहे. 'पुना कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी' ही त्यांची कंपनी. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचं धरण अशा सरकारी कामांशी त्यांचा धंदा जोडलेला होता. ओतकामाच्या साच्यांची एजन्सीही होती. म्हणजे दगड, चुना, मजूर आणि बिलं यांत मुरलेला माणूस. १८७६ मध्ये ते पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले आणि १८८२ पर्यंत होते. तेही निवडून आलेले नव्हे, सरकारनेच नेमलेले.

आपल्या शाळेच्या पुस्तकांत मुलींची शाळा येते, हौद येतो, सत्यशोधक समाज येतो. ठेकेदारी मात्र एका ओळीत उरकतात, जणू थोर माणसाच्या अंगाला चुना लागलेला बरा दिसत नाही. अहो, पण त्या चुन्यातूनच त्यांना कळलं की मजुराच्या पैशाला मधल्यामधे कोण कात्री लावतं. १८७३ च्या 'गुलामगिरी'त इंजिनिअर खात्यातल्या लबाडीवर ते लिहू शकले, ते काय वाचनालयात बसून?

आता खरी गोष्ट. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून नगरपालिकेने स्वागताला हजार रुपये खर्चायचं ठरवलं. सदस्य बत्तीस. विरोधात मत एक, फुल्यांचं. हा पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. आपण विसरतो ते हे, की ज्या सरकारविरुद्ध त्यांनी हात वर केला, तेच सरकार ठेकेदारांची बिलं मंजूर करणारं होतं आणि नगरपालिकेतली ती खुर्चीही त्याच सरकारने दिलेली होती. बाकीच्यांत शिकलेले, प्रतिष्ठित लोक होतेच की. त्या दिवशी त्यांची प्रतिष्ठा कुठे गेली होती?

लाकडाच्या बाबतीतही तेच. १८७८ चा जंगल कायदा आला आणि १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये फुल्यांनी लिहिलं की गायरानं आणि टेकड्या जंगल खात्याने घशात घातल्या, शेतकऱ्याच्या शेळीला चरायला जागा उरली नाही. आमच्या चांदा-भंडाऱ्याच्या गावकऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून आरामशीनवाला उभा राहिला की नाक मुरडू नका. त्याला एवढंच विचारा : बाबा, पालिकेच्या कामात तुझा किंवा तुझ्या साळ्याचा वाटा आहे का? (असा वाटा असेल तर कायद्याने नगरसेवक राहता येत नाही. साळ्याच्या नावावर मात्र बरंच काही राहतं!) आणि सगळे 'मंजूर, मंजूर' म्हणत होते तेव्हा तुझा हात कुठे होता? हाच प्रश्न वकिलालाही विचारा, डॉक्टरलाही विचारा. मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि पुढे प्रशासकाचा कारभार चालला, तेव्हा तर विचारायला नगरसेवकच नव्हता. पानठेल्यावर कुणाला त्याची हळहळ वाटल्याचं मी ऐकलं नाही.

असो. पुण्यात भाजीबाजारासाठी मोठी इमारत बांधायचं ठरलं, त्या खर्चालाही फुल्यांनी विरोध केला होता. इमारत झालीच. १८८६ मध्ये गव्हर्नर रे यांच्या नावाने ती उघडली. आज तिला महात्मा फुले मंडई म्हणतात.