कॉकपिटमधील मौन

अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान १२ जून २०२५ रोजी उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले आणि विमानातील २४१ व जमिनीवरील १९ अशा २६० जणांचा बळी गेला. महिनाभराने प्राथमिक अहवाल आला. विमान जमिनीवरून उठताच दोन्ही इंजिनांचे इंधन नियंत्रित करणारे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले. एका वैमानिकाने दुसऱ्याला त्याचे कारण विचारले आणि आपण तसे केले नसल्याचे दुसऱ्याने सांगितले, अशी नोंद त्यात होती. हे कोणी केले, का झाले, याचे उत्तर त्या अहवालाने दिले नव्हते. परंतु काही पाश्चात्त्य वृत्तपत्रांना तेवढा धीर निघाला नाही. त्यांनी दिवंगत कप्तानाकडे बोट दाखवले. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या कप्तानाच्या वृद्ध पित्यास धीर द्यावा लागला की, त्यांच्या मुलाला कोणी दोषी धरू शकत नाही, हे ओझे त्यांनी मनावर वाहू नये.

मृत माणूस प्रतिवाद करू शकत नाही. म्हणूनच 'वैमानिकाची चूक' हे दोन शब्द विमान बनवणाऱ्याला, चालवणाऱ्या कंपनीला आणि देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेला, अशा तिघांनाही सोयीचे असतात. याचा अर्थ वैमानिक चुकत नाहीत असा मुळीच नव्हे. 'आपला' वैमानिक चुकूच शकत नाही, हा अभिमान त्या वृत्तपत्रांच्या घाईइतकाच घातक आहे. माणसाची चूक चौकशीत जरूर नोंदवावी. पण चौकशी तेथे सुरू व्हायला हवी, तेथे संपता कामा नये.

उड्डाणाच्या धावेत निर्णयाला किती अवकाश असतो, हे सामान्य प्रवाशाला ठाऊक नसते. विमानाचे वजन, हवेचे तापमान, धावपट्टीची लांबी यांवरून प्रत्येक उड्डाणापूर्वी काही वेग ठरवले जातात. त्यांपैकी 'व्ही-वन' हा निर्णायक. तोपर्यंत उड्डाण सोडून थांबता येते. तो ओलांडला की, एखादे इंजिन बंद पडले तरी सामान्यतः आकाशात जाणेच अधिक सुरक्षित असते. म्हणून त्या क्षणी कप्तान शक्तिनियंत्रक दांड्यावरचा हात काढून घेतो. मग 'रोटेट'चा वेग येतो आणि नाक वर उचलायचे असते. उशीर झाला तर धावपट्टी संपते, घाई झाली तर विमान नीट उचलले जात नाही. हा सारा खेळ अर्ध्या-पाऊण मिनिटाचा.

महाराष्ट्राने हा उशीर पाहिला आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी चिकलठाण्याहून (तेव्हाचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर) मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीच्या अगदी टोकाशी उचलले गेले आणि पलीकडच्या बीड रस्त्यावरून चाललेल्या, कापसाच्या गठड्यांनी भरलेल्या ट्रकला धडकले. पुढे ते विजेच्या उच्चदाबाच्या तारांत अडकून कोसळले. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीने दोन कारणे नोंदवली. नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलणे ही वैमानिकांची चूक. आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश. लोकांच्या स्मरणात राहिली ती पहिली ओळ. धावपट्टीच्या तोंडावरून मालट्रक बिनदिक्कत जाऊ देणारी व्यवस्था मात्र कोणाच्या चर्चेत फारशी आली नाही.

जगातील सर्वांत भीषण विमान अपघातही उड्डाणाच्या धावेतच घडला. २७ मार्च १९७७, स्पेनच्या ताब्यातील तेनेरिफ बेट, धावपट्टीवर दाट धुके. केएलएमचा कप्तान त्या कंपनीतील नामांकित प्रशिक्षक, जाहिरातींतून झळकणारा. त्याने पहिल्यांदा विमान पुढे काढू पाहिले तेव्हा, अद्याप परवानगी मिळालेली नाही, याची आठवण सहवैमानिकाने दिली. दुसऱ्यांदा निघताना तो थांबवू शकला नाही. धाव सुरू झाल्यावर फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली, की पॅन अ‍ॅमचे विमान अजून धावपट्टीवरच नसेल ना? कप्तानाने ती ठामपणे उडवून लावली आणि इंजिनिअर गप्प बसला. दोन जंबो जेटच्या टकरीत ५८३ माणसे ठार झाली. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये बर्फवृष्टीत एअर फ्लोरिडाचे विमान निघाले, तेव्हाही सहवैमानिक पुनःपुन्हा म्हणत होता की, इंजिनाची आकडेवारी बरोबर दिसत नाही. कप्तानाने धाव थांबवली नाही. विमान पोटोमॅक नदीवरील पुलावर आदळून नदीत पडले, ७८ जण दगावले.

ज्येष्ठ चुकत होता आणि कनिष्ठाला ते दिसत होते, हा धागा दोन्ही घटनांत आहे. तेनेरिफसारख्या अपघातांतूनच 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' हे प्रशिक्षण जन्मले. १९७९ मध्ये नासाने त्यावर परिषद भरवली आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने ते प्रत्यक्षात आणले. कनिष्ठाने स्पष्ट बोलावे, ज्येष्ठाने ऐकावे, एवढेच त्याचे सार. आपल्याकडे मंगळूरला २०१० मध्ये विमान उतरताना सहवैमानिक 'पुन्हा वर घ्या' असे सांगत राहिला, कप्तानाने ऐकले नाही. १५८ जण गेले.

वडीलधाऱ्यांपुढे न बोलणे हा आपल्या घराघरांतला संस्कार आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याच परंपरेत द्यूतसभेतला विकर्णही आहे. भीष्म-द्रोण निरुत्तर बसलेले असताना धृतराष्ट्राचा हा धाकटा पुत्र उठला आणि द्रौपदीला पणाला लावणेच अग्राह्य आहे, असे म्हणाला. कर्णाने त्याला पोर ठरवून गप्प केले. पुढे काय झाले, ते सांगण्याची गरज नाही. ज्या संघटनेत, कार्यालयात किंवा कॉकपिटमध्ये विकर्णाचे तोंड बंद केले जाते, तेथली शिस्त केवळ वरून शिस्त दिसते.

कनिष्ठाने बोलावे ही अपेक्षा ठेवायची, तर बोलल्याची शिक्षा होणार नाही, ही हमी कंपन्यांनी आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने द्यायला हवी. थकलेल्या वैमानिकाने विश्रांती मागितली, तर त्याच्याकडे कामचुकार म्हणून पाहिले जाऊ नये. आणि या सर्वांवर नजर ठेवायला माणसे तरी हवीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने दाखवून दिले, की त्या महासंचालनालयातील मंजूर पदांपैकी जवळजवळ निम्मी रिक्त होती. ती भरण्यासाठी कोणत्याही अपघाताच्या अंतिम अहवालाची वाट पाहावी लागत नाही.