वारशाची जागा, कमावलेला अधिकार

एडवर्ड केनेडी यांना अमेरिकी सिनेटची जागा घराण्यामुळे मिळाली, हे मान्य केल्याशिवाय त्यांच्या कारकिर्दीचे मोल ठरवता येत नाही. थोरले बंधू जॉन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर मॅसॅच्युसेट्सची त्यांची जागा रिकामी झाली. परंतु सिनेटसाठी राज्यघटनेने घातलेली तीस वर्षे वयाची अट धाकट्या भावाने तोवर पूर्ण केलेली नसल्याने तेथे कुटुंबाच्या एका स्नेह्याची नेमणूक झाली आणि 1962 च्या पोटनिवडणुकीत ती जागा पुन्हा घरात आली. 1969 मध्ये चॅपाक्विडिक बेटावर त्यांची मोटार पाण्यात कोसळून मेरी जो कोपेक्नी ही तरुणी मरण पावली, पोलिसांना कळवायला त्यांनी सुमारे दहा तास लावले, आणि तरीही शिक्षा झाली ती अवघ्या दोन महिन्यांची व तीही स्थगित. तो अन्याय पुढच्या कोणत्याही कामाने पुसला जात नाही.

तथापि वारशाने मिळते ती जागा. समितीतला अधिकार मिळवावा लागतो. अमेरिकेत विधेयक घडते ते मुख्यतः विषयवार समित्यांत, जेथे साक्षी नोंदवल्या जातात, कलमे तपासली जातात आणि विरोधकांशी देवाणघेवाण होते. केनेडी तेथे जवळजवळ 47 वर्षे रमले. स्थलांतरितांचा देशवार वाटा ठरवणारी, भारताला वर्षाला जेमतेम शंभर जागा देणारी पद्धत रद्द करणारे 1965 चे विधेयक सिनेटमध्ये पार पाडण्याची जबाबदारी त्यांनीच उचलली होती. त्यानंतर अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी डॉक्टर-अभियंत्यांच्या पिढीला वाट मिळाली ती या कायद्यामुळे.

आरोग्यविम्याच्या प्रश्नात मात्र हे कसब त्यांना उशिरा साधले. मालकांनी कामगारांचा विमा उतरवावा, ही राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची 1971 मधील योजना अपुरी खरी, पण केनेडी संपूर्ण सरकारी विम्यावर अडून बसले आणि हाती काहीच लागले नाही. आमच्या मते ही त्यांची सर्वांत महागात पडलेली चूक होय. 1997 मध्ये त्यांनी यूटाचे रिपब्लिकन सिनेटर ऑरिन हॅच यांच्याशी हातमिळवणी केली आणि सरकारी मदतीच्या मर्यादेत न बसणाऱ्या, पण खासगी विमाही न परवडणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी तंबाखूवरील वाढीव कराच्या पैशातून विमा योजना उभी केली. ऑगस्ट 2009 मध्ये ते निवर्तले. मार्च 2010 मध्ये व्यापक आरोग्यविम्याचा कायदा झाला, तेव्हा त्यांच्या जागेवर त्या कायद्याला विरोध करणारे स्कॉट ब्राऊन बसले होते.