विकावयाची वाडी आणि तींतील दुर्मिळ माड

आपल्या मासिकांत वाडी कशी लावावी, खत केव्हां द्यावें, कलमांची निगा कशी राखावी यांवर पुष्कळ लिहिलें जातें व तें योग्यच आहे. परंतु वाडी विकावी कशी, या विषयावर येथें कांहीं वाचल्याचें मला आठवत नाहीं. कदाचित् अशुभ वाटून कोणी तो काढीत नसेल. मुलें मुंबई-पुण्यास स्थिरावलीं, घरीं शिंपणें करणारें कोणी उरलें नाहीं, म्हणजे विक्रीचा प्रसंग येतो. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. पण ज्या रीतीनें आपण वाडी विकतों, तिच्याविषयीं मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

खरेदीखताची भाषा वाचकांस परिचित आहे. चतुःसीमा लिहून झाल्या कीं ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेपांसह’ अशी ओळ येते आणि जमीन परहस्तगत होते. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां अशा शेंकडों दस्तांच्या नकला मीं हाताळल्या. त्यांपैकीं एक मला विसरतां येत नाहीं. दक्षिण कोंकणांतील दीड एकराची वाडी होती. हापूसचीं कलमें, रातांबे, फणस, जायफळी, पोफळी, सर्व जोमांत. ओढ्याच्या अंगास मात्र विकणाराच्या आजोबांनीं हौसेनें जमविलेले निराळेच माड होते : तीन श्रीताड, भेर्ली माडांची एक रांग आणि दुरून बीं आणून रुजविलेली रावणताडांची जोडी. सौदा गुंठ्यावर ठरला. कलमें मोजलीं गेलीं, पोफळी मोजल्या गेल्या. ओढ्याकडील माडांची किंमत शून्य धरली गेली, कारण त्यांस नारळ लागत नव्हते. दस्तांत ते सारे ‘तरु’ या दोन अक्षरांत मावले. दुसऱ्याच वर्षीं नव्या मालकानें विहिरीकरितां ती जागा मोकळी केली. पुढें एकदां मीं त्याच्यापाशीं विषय काढला, तेव्हां तो गृहस्थ कळवळून म्हणाला, “भाऊसाहेब, कोणी सांगितलें असतें, तर विहीर चार हात पलीकडे खणली असती.” विकणारा बोलला नाहीं, कारण गिऱ्हाईक बिथरेल अशी त्यास भीति. मी पूर्वीं पाहणीस जाऊन ते माड पाहून आलों होतों. मीही बोललों नाहीं, कारण तें माझें काम नव्हतें.

काय गेलें तें सांगितलें पाहिजे. ज्याचें बीं बजरबट्टू म्हणून दृष्ट लागूं नये यासाठीं मुलांच्या गळ्यांत बांधीत, तो श्रीताड. त्याचें एकेक पान छपराएवढें. तीस ते ऐंशी वर्षें तो नुसता वाढतो आणि आयुष्यांत एकदांच फुलतो. शेंड्यावर येणारा त्याचा तुरा वनस्पतिसृष्टींतील सर्वांत मोठा मानतात. फळें पिकण्यास सुमारें वर्ष लागतें, आणि मग झाड मरतें. म्हणजे पन्नास वर्षांचा श्रीताड तोडणें हें पोटरींत आलेलें भात नांगरण्यापैकींच होय. भेर्ली माडाच्या झावळ्या आपण मांडवास लावतों. पण तोही वरून खालीं क्रमानें फुलोरे टाकीत जातो व शेवटचा फुलोरा झाला कीं संपतो, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. रावणताडाच्या खोडास फांद्या फुटतात, ही ताडांत नवलाचीच गोष्ट. दीव येथें तो पुष्कळ दिसतो. त्याचे नर व मादी निराळे असतात. जोडींतील एक तोडला कीं दुसरा जिवंत असून वांझ.

येथेंच आंब्याचा व माडाचा भेद आहे. हापूसचें झाड गेलें तरी त्याची एक काडी कोणीं नेऊन बांधली असेल, तर तें दुसऱ्या अंगणांत जिवंतच असतें. माडवर्गास कलम बांधतां येत नाहीं, फांदी लावतां येत नाहीं. खजुरासारख्या कांहीं जातींस बुंध्याशीं पिलें येतात. तीं सोडलीं तर सारा भरंवसा बियांवर.

पुष्कळ सज्जन विक्रेते असें समजतात कीं, ‘खरेदीदारानें हीं झाडें तोडूं नयेत’ एवढी अट दस्तांत घातली कीं झालें. तशी समजूत करून घेऊं नये. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ८ व्या कलमान्वयें, वेगळा हेतु दिसत नसेल तर, जमिनीबरोबर झाडें जातात. आणि ११ व्या कलमान्वयें, मालकी पूर्णपणें दिल्यावर ती कशी उपभोगावी हें सांगणारी अट खरेदीदारास बांधून ठेवीत नाहीं. विक्रेत्याची लगतची दुसरी जमीन असून तिच्या हितासाठीं अट घातली असेल, तर गोष्ट निराळी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या २५ व्या कलमानें झाडांवरील हक्क धारकाचाच. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यांत आंबा, फणस, साग, खैर यांचीं नांवें आहेत, ताड-माडांचीं नाहींत. तेव्हां ज्यास ते माड राखावयाचेच आहेत त्यानें तेवढ्या जागेचा पोटहिस्सा मोजून घेऊन स्वतःकडे ठेवावा, नाहींतर घेणारा माणूस पारखावा. कुळकायद्याच्या ६३ व्या कलमामुळें घेणारा बहुधा शेतकरीच असावा लागतो, परंतु शेतकरी असणें व झाडें ओळखणें या दोन गोष्टी आहेत.

माणूस पारखला तर काय होतें, याचें एक उदाहरण परदेशांतील आहे. अमेरिकेंत फ्लोरिडाच्या दक्षिण टोंकाची हवा आंब्यास मानवते. तेथें डेव्हिड फेअरचाइल्ड यांनीं १९१६ सालीं जागा घेतली. हे सरकारी शेतकी खात्यासाठीं देशोदेशींचीं बियाणीं जमविणारे. पत्नी मॅरियन या टेलिफोनकर्त्या बेल यांच्या कन्या. त्या जागेंत त्यांनीं उष्ण देशांतील फळझाडें लावलीं व तिला ‘कंपोंग’ हें मलायी नांव दिलें. ते १९५४ त वारले, मॅरियनबाई १९६२ त. १९६३ सालीं ती जागा कॅथरिन स्वीनी नांवाच्या बाईंनीं विकत घेतली, बाग म्हणूनच राखली आणि १९८४ त एका वनस्पतिउद्यान-संस्थेस दिली. जवळच कर्नल रॉबर्ट माँटगोमेरी यांचा ताडांचा मोठा संग्रह होता. त्यांच्या मागें पत्नी नेल यांनीं १९५९ त त्यासाठीं कायमची संस्थाच स्थापिली. आपणांपाशीं तेवढें द्रव्य नाहीं, हें खरें. परंतु झाडाचें नांव कागदावर लिहिण्यास द्रव्य लागत नाहीं.

कर्ज डोक्यावर असेल त्यानें अधिक देईल त्यासच द्यावी. त्यास उपदेश करणारा मी कोण? पण बोलणी सुरू होण्यापूर्वीं त्यानेंही प्रत्येक वेगळ्या झाडाचें नांव, अंदाजें वय, बीं कोठून आणलें, नर कीं मादी, आणि गडग्यापासून किती हातांवर, एवढें लिहून काढावें व ती यादी खरेदीखतास जोडावी. तींत कायद्याचें बळ नसेल; पण ‘कोणी सांगितलें नाहीं’ असें कोणास म्हणतां येणार नाहीं. दुसरें, बीं धरत असेल तर विक्रीपूर्वीं एक हंगाम थांबून तें चार ठिकाणीं द्यावें : भाऊबंदांस, शेजाऱ्यांस, दापोलीच्या कृषि विद्यापीठास. माडवर्गाचें बहुतेक बीं फार वाळवूं नये. ताजें असतांच ओलसर जागीं रुजत घालावें. भेर्लीच्या फळांचा गर अंगास खाजतो, म्हणून राख लावून किंवा हातमोजे घालून सोलावीं. मी एकदां तसाच सोलावयास बसलों आणि दोन दिवस हात पाण्यांत घालून बसलों होतों.

त्या विहीरवाल्या गृहस्थांस गेल्या पावसाळ्यांत मीं भेर्लीचीं दहा रोपें नेऊन दिलीं. त्यांनीं तीं ओढ्याच्या कडेस लावलीं असून आठ जगलीं आहेत. श्रीताडाचें ताजें बीं अद्याप मिळालेलें नाहीं. कोणा वाचकाकडे किंवा त्याच्या गांवीं झाड फळावर आलें असल्यास कृपा करून संस्थेच्या पत्त्यावर कळवावें. आणण्याचा खर्च मी देईन.